घरची गाडी ट्रॅकवर

शर्यतीची गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती टीव्हीवर दिसणारी, जमिनीला चिकटून पळणारी, एका माणसापुरती फॉर्म्युला गाडी. मी आज जिच्याविषयी बोलणार आहे ती गाडी सोमवार ते शनिवार मंडईत जाते, मुलांना क्लासला सोडते आणि दिवाळीला चार माणसं नि सहा पिशव्या घेऊन गावी जाते. तिला मागे डिकी आहे, त्या डिकीत छत्री आणि जुनं वर्तमानपत्र आहे. फक्त तिचं इंजिन तिच्या अंगाच्या मानानं जरा जास्त दमदार आहे. इंग्रजीत अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात. आपण लवंगी मिरची म्हणू.

ही जात जुनी आहे. इंग्लंडच्या चिमुकल्या मिनी कूपरनं १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. १९६६ सालीही तीच पहिली आली होती, पण पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद केलं. त्यावरची भांडणं मोटारवेड्यांमध्ये आजही चालतात. पुढे १९७६ साली फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय आणली. १६०० सीसीचं इंजिन, ११० अश्वशक्ती आणि वजन आठशे किलोंच्या आसपास. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्या खपतील असा होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. आठवडाभर कामाला आणि रविवारी मौजेला एकच गाडी पुरते, हे लोकांना कळलं होतं.

आपल्याकडे या गाड्या उशिरा आल्या, पण आल्या त्या बऱ्याचशा महाराष्ट्रातूनच. फियाटची पालिओ १.६ ही शंभर अश्वशक्तीची गाडी २००१ मध्ये आली ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून. २०१५ मधली अबार्थ पुंटो, १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, ती रांजणगावची. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १०५ अश्वशक्तीची, चाकणची. टाटांनी २०२४ मध्ये आणलेली अल्ट्रोझ रेसरही पुण्याचीच. यातल्या पहिल्या तीन आता बनत नाहीत. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं आणि त्यानंतर जुन्या पोलोला जुन्या बाजारात जो भाव आला, तो पाहून माझे गॅरेजवाले मित्र हसत होते. माझ्याकडे त्यातलीच एक पोलो आहे. गाडी इथली, माणूस इथला, पण तिला मनसोक्त पळवायची तर पुण्याहून सुमारे बाराशे किलोमीटरवर कोइम्बतूर गाठायचं. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरु, सेलम असा तो रस्ता.

कोइम्बतूरच का? तर तिथे करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांच्या नावानं तो ओळखला जातो. मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती नावाची स्वस्तातली शर्यतीची गाडी या माणसानं घडवली आणि सामान्य घरातल्या पोरांना शर्यतीचं दार उघडलं. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा दुसरा ट्रॅक आहे. त्याआधी मद्रासकडच्या शर्यती शोलावरमला होत, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या धावपट्टीवर. इंग्लंडातलं सिल्व्हरस्टोनसुद्धा असंच युद्धातलं विमानतळ. लढाई संपली, धावपट्ट्या रिकाम्या पडल्या आणि गाडीवेड्यांनी त्यांचं सोनं केलं. तिसरा मोठा ट्रॅक म्हणजे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला.

ट्रॅक डे आणि शर्यत यांत फरक आहे. शर्यतीला लायसन्स लागतं, ते एफएमएससीआय ही मोटारक्रीडेची राष्ट्रीय संघटना देते. गाडीत लोखंडी पिंजरा लागतो, अंगावर आग न लागणारे कपडे लागतात आणि शेवटी कुणीतरी पहिला येतो. ट्रॅक डेला कुणी पहिला येत नाही. ठरावीक गाड्यांचा गट पंधरावीस मिनिटं ट्रॅकवर सोडतात, मग त्यांना बाहेर काढून दुसरा गट सोडतात. ओव्हरटेक फक्त सरळ भागात, तेही पुढच्यानं हातानं किंवा इंडिकेटरनं वाट दिल्यावरच. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, वेग कमी करा, कुणाला मागे टाकू नका. लाल दिसला की सत्र थांबलं. निळा म्हणजे मागे जलद गाडी आहे. पिवळे-लाल पट्टे म्हणजे रस्त्यावर तेल किंवा माती. हे झेंडे घेऊन उन्हात दिवसभर उभे राहणाऱ्या मार्शल मंडळींना मी जाताना नेहमी हात करतो. त्यांच्या भरवशावर हा सगळा खेळ आहे.

सकाळी गाडीची तपासणी होते. चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी हलत नाही ना, कुठे तेल गळत नाही ना, मागचा ब्रेकचा दिवा लागतो का, ओढून न्यायचा हुक बसवला आहे का. मग गाडी रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पायाखालचं मॅट, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. पाण्याची साधी बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल ते सांगायला नको. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढावा लागतो, कारण चिकटपट्टीवर बसलेला गणपती जोरदार वळणात आपल्याच कपाळावर येतो. पिटमध्ये एका टेबलावर एकदा मी पाच गणपती, दोन बालाजी आणि एक मेरीमाता ओळीनं ठेवलेले पाहिले आहेत.

आणि मग डोक्यावर हेल्मेट चढवून तुम्ही ट्रॅकवर जाता. नवा माणूस पहिल्या दिवशी काय करतो? सरळ भागात पाय पूर्ण दाबतो आणि वळणात घाबरतो. शिकवणारे उस्ताद डावीकडच्या सीटवर बसलेले असतात. ते वेगाबद्दल बोलतच नाहीत. त्यांचे दोनच शब्द असतात, 'नजर' आणि 'ब्रेक'. नजर वळणाच्या आतल्या कडेला, तिथून पुढे वळण संपतं तिथे. कारण हात नजरेमागे जातात. ज्या खड्ड्याकडे, ज्या भिंतीकडे टक लावून पाहाल, गाडी तिथेच जाते. मी दुचाकीवरही हे अनुभवलं आहे, तुम्हीही अनुभवलं असेल.

ब्रेकचं गणित मात्र जरा खोलात जाऊन सांगतो. अकराशे किलोची गाडी ताशी १४० नं येते आणि वळणाआधी ७० वर आणायची आहे. जोरात ब्रेक लावला तर अडीच-तीन सेकंदांचं काम. पण त्या अडीच सेकंदांत गाडीची जी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते, तेवढ्यात घरातलं दोन लिटर पाणी उकळीला येईल. एका फेरीत असं तीन-चार वेळा, आणि एका सत्रात आठ-दहा फेऱ्या. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. त्यातला मोठा भाग पुढच्या दोन चाकांवर येतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे अजून ड्रमच आहेत.

ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच ऑइल पाणी मुरून जुनं झालं की त्यासाठी मानकात किमान १५५ अंश धरले आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, ते मऊ लोण्यात गेल्यासारखं खाली जातं आणि गाडी तशीच पुढे.

हे मी करीवर डोळ्यांदेखत पाहिलं आहे. माझ्या पुढे एक नवी चकचकीत गाडी होती. चालवणारा तरुण दोन हातांनी स्टिअरिंग धरून उत्तम चालला होता. सहाव्या फेरीत वळण आलं, ब्रेकचे दिवे लागले, पण गाडी हळू होईना. ती सरळ मातीत गेली, धुळीचा लोट उठला आणि तीसेक मीटरवर जाऊन थांबली. पोरगा उतरला, हेल्मेट काढलं, गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. नंतर कळलं, चार वर्षांत ब्रेक ऑइल बदललेलंच नव्हतं. मला तेव्हा खंबाटकीचा उतार आठवला. ब्रेकवर पाय ठेवून, गिअर न्यूट्रलला टाकून, पेट्रोल वाचवत घाट उतरणारी कितीतरी मंडळी मी पाहतो. उष्णता तीच, ऑइल तेच, फक्त तिथे बाजूला मोकळी माती नसते. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. त्यासाठी कोइम्बतूरला जायची गरज नाही.

टायरचंही तसंच. गाडी जमिनीला टेकते ती चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ती थांबायला खर्च केलीत तर वळायला उरत नाही. सगळा ब्रेक मारून त्याच क्षणी पूर्ण स्टिअरिंग फिरवलंत तर गाडी दोन्ही करत नाही. आपल्या छोट्या गाड्यांचं इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढे, वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग पुढे. त्यामुळे वेग जास्त झाला की नाक बाहेर पळतं. घाबरून आणखी स्टिअरिंग फिरवलं तर आणखीच पळतं. पाय थोडा सैल करायचा, स्टिअरिंग थोडं सोडायचं, म्हणजे टायर पुन्हा रस्ता धरतो. मात्र वळणाच्या मध्यावर पाय एकदम काढलात तर वजन झटक्यात पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होऊन बाहेर यायला बघतात. हे कागदावर वाचून समजत नाही. पाठीला आणि बुडाला ते कळावं लागतं, आणि ते कळायला ट्रॅकवर ताशी ऐंशीचा वेगही पुरतो.

छोट्या गाडीचा गुण इथे आहे. तीनशे अश्वशक्तीची गाडी तुमची चूक सरळ भागात झाकून टाकते. वळणात गमावलेला वेग ती पुढच्या शंभर मीटरमध्ये परत देते. लवंगी मिरची असं काही परत देत नाही. गमावलेला वेग गमावला. म्हणून तिच्यावर माणूस लवकर शिकतो. आमच्या गटात कोल्हापूरच्या एक डॉक्टर बाई येतात, साधी १२०० सीसीची स्विफ्ट घेऊन. गाडीत बदल म्हणाल तर चांगले टायर आणि चांगले ब्रेक पॅड, बास. सरळ भागात त्या हात काढून सगळ्यांना पुढे जाऊ देतात आणि दोन वळणांनंतर पुन्हा त्यांच्या मागे येऊन चिकटतात. जर्मन गाडीतल्या एका गृहस्थांनी दुपारी जेवताना त्यांना विचारलं, ''मॅडम, इंजिनला काय केलंय?'' त्या म्हणाल्या, ''ऑइल बदललंय.''

आता थोडं घरातलं सांगतो. माझा भाचा बावीस वर्षांचा, इंजिनीअरिंगचा. रात्री मित्रांबरोबर ताम्हिणीला गाड्या पळवायचा. बहिणीनं मला फोन केला, ''दादा, तू तरी याला समजाव, माझं ऐकत नाही.'' समजावून कुणाचा वेग कमी झालेला मी पाहिलेला नाही, म्हणून मी काही बोललो नाही. त्याला कोइम्बतूरला घेऊन गेलो. पहिल्या सत्रात उस्तादांनी त्याला प्रत्येक वळणात आधी लावलेला ब्रेक, उशिरा उचललेली नजर, चुकलेली लाइन मोजून दाखवली. ताम्हिणीचा राजा घामाघूम होऊन उतरला. दुपारनंतर तो शांत झाला आणि चांगला चालवू लागला. परतीच्या रस्त्यावर हुबळीजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, ''मामा, तिकडे एकच वळण मी दहा वेळा घेतलं आणि दहाही वेळा ते वेगळं गेलं. ताम्हिणीत तर आम्ही एकदाच घेतो.'' मी चहा प्यायलो.

तो सुधारला का? बहिणीला वाटत नाही. रात्रीचं ताम्हिणी बंद झालं आहे एवढं मला माहीत आहे, एक्स्प्रेसवेवर तो काय करतो ते माहीत नाही. आणि इथे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की ट्रॅकवरून येऊन बिघडलेली माणसंही मी पाहिली आहेत. दोन दिवस चालवून आल्यावर आपण फार हुशार झालो असं त्यांना वाटतं, मग गाडीला मोठा आवाज करणारा सायलेन्सर लागतो आणि रविवारी पहाटे लोणावळ्याची झोप मोडते. ट्रॅक माणसाला शहाणा करतोच असं मी म्हणणार नाही. पण ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. ऊस भरलेला ट्रॅक्टर नाही, शाळेतून परतणारी पोरं नाहीत, रस्ता ओलांडणारी म्हैस नाही. चुकलात तर तुमचीच गाडी मातीत जाते. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीत त्याची शिक्षाही वाढवली. ठीकच आहे. पण ज्याला वेगाची खाज आहे त्यानं जायचं कुठे? या प्रश्नाचं पुण्या-मुंबईतलं उत्तर आजही कोइम्बतूर, चेन्नई किंवा नोएडा हेच आहे. इतके गाड्यांचे कारखाने ज्या राज्यात आहेत तिथल्या पोरांना एवढ्या लांब जावं लागतं, हे मला खटकतं. क्रिकेटच्या मैदानासाठी आपण भांडतो, यासाठी भांडणारा अजून मी पाहिला नाही.

तोवर जवळचा मार्ग म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात खुणा मांडून वळणावळणाची वाट आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. पुण्याकडे, नाशिककडे अशा स्पर्धा होत आल्या आहेत. जमीन मातीची असली तर वेग फारसा होत नाही, गाडी घसरते ती कमी वेगात, त्यामुळे शिकायला उत्तम. दहा वर्षांची जुनी गाडी चालते, हेल्मेट मात्र चांगलं हवं, आयएसआय शिक्क्याचं, सायकलवर घालतात ते नव्हे. स्पर्धा अधिकृत आहे का, रुग्णवाहिका उभी आहे का, हे आधी विचारा. रुग्णवाहिका नसेल तर गाडी सुरूच करू नका, सरळ घरी या.

पैशांचंही सांगतो, कारण यात पैसा जातो. एरवी चौदा-पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी माझी गाडी ट्रॅकवर पाचवर येते. ब्रेक पॅड आणि पुढचे टायर दोन-तीन फेऱ्यांतच वर्षभराएवढे म्हातारे होतात. आपल्या खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नसतं. तेव्हा जे मोडेल ते आपल्या खिशातून. गाडीचं कर्ज चालू असेल तर घरात आधी बोलून घ्या, आणि ते बोलणं टाळावंसं वाटत असेल तर जाऊच नका. गाडीत बदल करण्याची घाईही नको. कागदपत्रांवर नोंद नसलेले मोठे बदल कायद्यात बसत नाहीत, आणि पहिली दोन वर्षं त्यांचा उपयोगही नसतो.

गाडी थंड करायची रीत तेवढी पाळा. सत्राची शेवटची फेरी ब्रेकला शक्यतो हात न लावता, मोठ्या गिअरमध्ये, हळू मारायची, म्हणजे वाऱ्यानं डिस्क निवतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. ब्रेक तापलेला असताना तो आवळून ठेवणं त्याला मानवत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा, बॉनेट उघडायचं, टर्बोचं इंजिन असेल तर मिनिटभर चालू ठेवून मग बंद करायचं. टायरची हवा गरम असताना वाढलेली दिसते, ट्रॅकवर ती थोडी कमी केली असेल तर निघण्यापूर्वी पुन्हा भरायची. संध्याकाळी चाकांचे नट पान्यानं एकदा तपासायचे. मी तर रात्री लॉजवर पोचल्यावरही एकदा तपासतो. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून बाराशे किलोमीटर परत यायचं असतं, त्याच टायरांवर आणि त्याच ब्रेकवर.